दोन किलोची जोडी

चाकूरच्या मोंढ्याकडं, म्हणजे धान्याच्या बाजाराकडं, जाताना गुरुबसप्पांचं दुकान कुठं आहे म्हणून कुणाला विचारलं, तर समोरचा माणूस उलट विचारतो, "अव्वाचं का?" पाटीवर नाव अजून गुरुबसप्पांचंच आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता दुकान त्यांच्या बायकोचं, नीलाबाईचं, आणि नीलाबाई साऱ्या गल्लीची अव्वा, म्हणजे आई.

गल्ल्यावर लाल आकडे दाखवणारा नवा काटा आहे. साखर, रवा, डाळी त्याच्यावर जोखतात. आतल्या बाजूला मात्र तुळईला जुनी तागडी टांगलेली आहे. डोक्यावर लोखंडी दांडी, दोन्हीकडं साखळ्या, साखळ्यांना लाकडी फळ्यांची दोन पारडी. कधीकाळी तिच्यावर तुरीची, करडीची पोती तोलली. आता ती वर्षातून एकदाच हालते, दिवाळीच्या पाडव्याला.

अव्वाला वजनाचं भारी वेड. सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन बाळंतीण दुकानापुढून चालली की अव्वा हात पुढं करायची. लेकरू नुसतं हातावर झेलून सांगायची, "भरलं हाय. घरी गेल्यावर मीठमोहऱ्या उतरव." हलकं लागलं तर त्या बाईची सुटका नसायची. डिंक किती खातीस, खारीक घरात हाय का, सासू दूध पिऊ देती का, सगळी झडती. अव्वाचा हिशेब साधा होता. वजन वाढलं की बरं, घटलं की वाईट. तुरीला तो लागू पडत होता, माणसाला कामून पडणार न्हाई?

पाडव्याचा रिवाज तिच्या सासऱ्यांनी घातलेला. तागडी धुवायची, वजनं चिंचेनं घासायची, विभूती लावायची, झेंडू वाहायचा. पूजा झाली की घरातल्या एकेकानं पारड्यात बसायचं आणि अव्वानं आकडा पुकारायचा. ज्याचं वाढलं त्याला गुळाचा मोठा खडा. ज्याचं घटलं त्याला गूळ न्हाई, वरून चौकशी. हा रिवाज कशापायी सुरू झाला हे कुणी विचारत नसे. पोरांना गुळाशी मतलब.

स्वतः अव्वा मात्र पारड्यात बसत नसे. नवरा गेल्यापासून बसलीच न्हाई. "तागडी धरणारानं तागडीत बसायचं नसतं," असं तिनं एकदा सांगितलं आणि ते शास्त्रात असल्यासारखं सगळ्यांनी मानलं. सकाळपासून गादीवर बसून हाताशी शेंगदाणे-गुळाचा डबा, उठताना दोन्ही गुडघ्यांची कुरकुर, जिन्याचं नाव काढलं की देवाचं नाव तोंडात. कुणी काही म्हणालं तर म्हणायची, "खात्यापित्या घरची हाय मी. हाडकुळी व्यापारीण बघून गिऱ्हाईक माल घेतं का?"

तर त्या वर्षी पाडव्याला खरा प्रश्न अक्षराचा होता.

अक्षरा म्हणजे अव्वाच्या लेकाची, मृत्युंजयची थोरली पोर. आजोबांसारखी उंच, दारातून येताना चौकटीला डोकं लागतं की काय असं वाटावं. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला शिकवणी लावलेली. पहिल्या वेळी मार्क कमी पडले, म्हणून दुसऱ्यांदा बसणार होती. वसतिगृहात राहायची, खाणावळीचा डबा खायची. दसऱ्याच्या आसपास तिची आई सुकन्या लातूरला जाऊन आली ती गप्पगप्पच.

"काय झालं गं?" अव्वानं विचारलं.

"काही न्हाई अव्वा. तिच्या हातातली पाटली कोपरापर्यंत वर जाती आता," सुकन्या म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

अव्वानं त्याच दिवशी फोन लावून निकाल देऊन टाकला. "हे बघ अक्षरा. पाडव्याला तागडी सांगंल. मागल्या साली बावन्न भरलीस. त्याच्या खाली गेलीस तर लातूर बंद. बोऱ्याबिस्तरा घेऊन घरी. अभ्यास काय, चाकूरला बसून पण होतो."

"होत न्हाई अव्वा."

"मग खा."

पोरीनं फोन ठेवला. एक वर्ष तिनं आधीच घालवलेलं होतं. शिकवणी निम्म्यात सोडून घरी आली, तर पुढल्या साली तिला पुन्हा कोण पाठवणार होतं? सोयरीक घेऊन येणारे आत्ताच उंबऱ्यावर चपला काढायला लागले होते.

पाडव्याची सकाळ उजाडली. दुकानापुढं रांगोळी, दाराला तोरण. हमाल भागवत नवा सदरा घालून हजर. वीस वर्षं तोच पारड्यात वजनं टाकायचा. घासलेल्या वजनांचा ढीग झेंडूखाली झाकलेला. आधी मृत्युंजय बसला, तशी दांडी करकरली.

"ऐंशीच्या वर एक," अव्वानं पुकारलं. "मागल्यापेक्षा तीन जास्त. घे गूळ."

"मालक, पुढल्या साली पारडं बदलावं लागतंय," भागवत म्हणाला.

"पारडं कामून, तुलाच बदलतो की," मृत्युंजय हसत गूळ चघळत उतरला.

सुकन्या एक्कावन्न भरली. मग अक्षरा आली, आणि आली ती आईचं जाडजूड इरकल नेसून. एरवी या पोरीला लग्नात साडी नेसवायची म्हणजे दोघींनी धरावं लागे. अव्वाला कौतुक वाटलं. पोर पारड्यात जपून बसली, पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

भागवतनं विसाची दोन टाकली, दहाचं एक टाकलं. पोरीचं पारडं अजून खालीच. त्यानं ढिगात हात घातला, झेंडू बाजूला सारला, पुन्हा घातला.

"अव्वा, दोन किलोची जोडी दिसंना."

"काल तर घासली की मी."

"घासली हो. पर हितं न्हाई. उंदरानं नेली म्हणावं तर लोखंड हाय."

मृत्युंजय फळीखाली बघायला लागला, सुकन्या पूजेचं ताट हलवायला लागली. अव्वानं अक्षराकडं बघितलं. अक्षरा तुळईकडं बघत होती, जशी काय तुळई आजच बसवली. मानेच्या दोन्ही बाजूंची हाडं अशी वर आली होती की गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा त्यांच्यावर अधांतरी राहिला होता. अव्वा पुढं झाली, पदर नीट करते असं दाखवत पोरीच्या कमरेला हात लावला. पाच वार इरकलाच्या आतूनसुद्धा लोखंड हाताला कळलं. आयुष्य त्याच्यातच गेलेलं.

"असू दे भागवत," ती म्हणाली. "किलोचं एक टाक, अर्ध्याची दोन टाक."

दांडी सरळ झाली. "बावन्न, अव्वा," भागवत म्हणाला. "मागल्याइतकंच. पुकारा."

अव्वानं आजवर तागडीपुढं खोटं बोललेलं कुणाला आठवत नव्हतं. गिऱ्हाइकाला नाही, देवाला तर नाहीच. आता खरं पुकारलं तर चारचौघांत पोरीची लाज जाते, आणि बावन्न म्हणावं तर जीभ वळेना. तिनं गुळाचा खडा उचलला, अक्षराच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "उतर. फराळ निवून चालला."

आकडा न पुकारलेला तो पहिला पाडवा. भागवतला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण चकल्या आल्या आणि तो विसरला.

दुपारी सगळी लवंडली. अव्वा मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीशी बसली होती. अक्षरा आली तेव्हा ती नुसतं म्हणाली, "दे."

अक्षरानं कमरेची गाठ सोडली. आजोबांच्या जुन्या धोतराची पट्टी, तिच्यात दोन किलोची दोन वजनं. कातडीवर लोखंडाच्या कडेचा लाल वण उमटला होता. अव्वानं त्याच्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"चार किलो चोरलेस व्हय गं. चार किलोची तूर कुणी चोरली असती तर मी त्याला मोंढ्यातून पळवला असता."

"मला घरी आणू नको अव्वा."

"खात कामून न्हाईस?"

"खाल्लं की झोप येती. सकाळी शिकवणीला जायची गडबड. डब्यातली भाजी रोज एकच. एक वेळ सोडली की अभ्यास होतो, म्हणून सोडायला लागले. मग भूकच मेली."

"बरं. आता असं करायचं. चार किलो भरून काढायचं. बावन्न झालीस की मी गप्प."

अक्षरा खाली मान घालून वजनाच्या कडीशी खेळत होती. खोटं एकदा उतरवून ठेवलं होतं, तर सगळंच ठेवावं असं तिला वाटलं असणार. ती म्हणाली, "अव्वा, बावन्न पण कमीच होतं."

"काय तर बोलतीस. तुझी माय एक्कावन्न हाय, टणटणीत हाय."

"आई माझ्या खांद्याला लागती. नुसतं वजन बघून कळत न्हाई अव्वा, उंचीसंगं बघावं लागतं."

ही गोष्ट अव्वाच्या डोक्यात काही शिरेना. किलो म्हणजे किलो. उंच माणसाचा किलो मोठा असतो का? अक्षरानं इकडंतिकडं बघितलं आणि उठून कोपऱ्यातली दोन रिकामी पोती आणली. एक आखूड, एक लांब.

"हे बघ. दोन्हीत पन्नास पन्नास किलो तूर भरली तर काय होतंय?"

"आखूड गच्च भरतंय," अव्वा म्हणाली. "लांबडं ढिलं राहतंय. थप्पीला उभं राहत न्हाई, मधी मोडतंय." आणि बोलताबोलता थांबली. समोर पोर उभी होती, उंच, आणि एक हात थप्पीला टेकून.

मग अक्षरानं मोबाईल काढला. वजनाला उंचीनं भागायचं, उंची मीटरमधली, आणि जे येईल त्याला पुन्हा एकदा उंचीनंच भागायचं.

"दोनदा कामून?"

"उंच माणूस नुसतं उंच असतं का? त्याचे खांदे, कंबर, हाडं पण मोठी असतात. त्याचा पण हिशेब धरायचा. साडेअठराच्या खाली गेलं की माणूस कमी वजनाचं. पंचवीसच्या वर गेलं की जास्त. आपल्याकडं तर तेवीस ओलांडलं की जपा म्हणतात. मागल्या साली मी अठराला होते, तवाच साडेअठराच्या आत."

"आन् आता?"

"साडेसोळा."

मागल्या साली आपण त्या बावन्नावर गुळाचा सगळ्यांत मोठा खडा दिला होता, हे अव्वाला आठवलं. कोणतंतरी पोतं सुटलं होतं, त्याचं तोंड ती उगाच वळत बसली.

"आता तुझं काढू," अक्षरा म्हणाली.

"माझं कशाला? तागडी धरणारानं..."

"कुणी केला हा नियम?"

"मीच."

"मग मोड. मी लोखंड सोडून दिलं ना?"

दुकान बंद होतं, दाराची फळी लावलेली, बघायला फक्त झेंडू. अव्वा साखळी धरून पारड्यात बसली. सकाळी लेक बसला तेव्हा दांडी करकरली होती, आता तिनं निदान लाजेपायी तरी कमी आवाज केला. अक्षरानं विसाचं वजन उचललं. पहिलं ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं उचलताना ते तिच्या हातून सुटून फळीवर आदळलं आणि ती तिथंच पोत्याला धरून खाली बसली. ओठ पांढरे. दहावीत असताना हीच पोर तसली वजनं दोन हातांत दोन घेऊन भागवतला चिडवायची.

"काही न्हाई, अंधारी आली. येती कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

"रोज सकाळी."

अव्वा पारड्यातून उठायला गेली तर पारडं मागं सरकलं. गुडघे धरले, उतरता येईना. एक पोर खाली बसलेली, उठता येत न्हाई. एक म्हातारी अधांतरी बसलेली, उतरता येत न्हाई. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग आधी अक्षरालाच हसू आलं. गूळपाणी पिऊन, हळूहळू, तिनं आजीला तोललं. विसाची तीन, दहाचं एक, आणि शेवटी ती दोन किलोची जोडी. दांडी सरळ झाली.

"चौऱ्याहत्तर. उंची तुझी दीड मीटर." अक्षरानं बोटं चालवली. "तेहेतीसला टेकलीस अव्वा."

"तेवीसला जपायचं म्हणालीस ना?"

"हाव."

"म्हणजे मी जपायच्या गावावरून लई पुढं निघून आले."

त्या संध्याकाळी अव्वा तागडीखालीच बसून राहिली. तिला नवऱ्यानं सांगितलेलं आठवत होतं. त्याच्या लहानपणी दुष्काळ पडला, ज्वारी मोजून रांधायचे. कोणतं लेकरू वाळत चाललंय हे नजरेला कळंना, रोज बघणाऱ्याला कळत न्हाईच. म्हणून सासऱ्यांनी पोरांना तागडीत बसवलं. ज्याचं घटलं त्याला त्या दिवसापासून अर्धी भाकरी जास्त. ज्याचं घटलं त्याला. गूळ वाढलेल्याला द्यायची पद्धत कुणी पाडली? बरे दिवस आले आणि आपणच पाडली असणार, पोरं हसावीत म्हणून. आणि आता त्याच तागडीची पोरीला इतकी भीती की तिनं कमरेला लोखंड बांधलं.

दुसऱ्या दिवशी ती अक्षराला घेऊन सिंधु सिस्टरकडं गेली. सिंधु सिस्टर दवाखान्यातली जुनी नर्स, तिची दोन्ही लेकरं अव्वानं हातावर जोखलेली. रक्त तपासलं. पोरीचं रक्त कमी निघालं, गोळ्या मिळाल्या, डॉक्टरांना दाखवलं. पाळी वेळेवर येत नव्हती तेही तिथंच कळलं. अव्वाची साखर काठावर निघाली.

"त्या मोबाईलच्या आकड्यालाच धरून बसू नका," सिस्टर म्हणाल्या. "तो दारावरची कडी हाय. वाजली की आत बघायचं. रक्त, कंबर, भूक, झोप, सगळं बघायचं. पैलवानाचा पण आकडा जास्त येतो, म्हणून तो लठ्ठ होतो का? आन् उपाशी राहून आकडा उतरवायचा नसतो, तूप पिऊन चढवायचा नसतो. ही हळूहळू चढंल, तुमी हळूहळू उतरा."

"आमी दोघी एकाच जिन्यावर म्हणा की," अव्वा म्हणाली. तिला तेव्हा माहीत नव्हतं, पण जिना खरंच येणार होता.

घरी आल्यावर मृत्युंजय म्हणाला, "म्हणजे लातूर बंद. तूच म्हणली होतीस."

अक्षरा भिंतीला टेकून उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"लातूर चालू," अव्वा म्हणाली. "मी जाणार तिच्यासंगं. खोली करायची. तिथं लेकरांपायी आया-आज्या खोल्या करून राहिल्यात, मी काय निराळी हाय?"

"आन् दुकान?"

"सुकन्या बसंल गादीवर. तिला हिशेब तुझ्यापेक्षा बरा येतो."

सुकन्यानं सासूकडं बघितलं आणि पटकन चुलीकडं वळली, चेहरा दिसू नये म्हणून.

"अव्वा, तुझे गुडघे?" मृत्युंजय म्हणाला.

"गुडघे घेऊनच जाणार. ठेवून जाता आले असते तर बरं झालं असतं."

खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी अव्वानं प्रत्येक वळणावर बसून मालकाच्या आजोळापर्यंत चौकशी केली, त्यात दम खाऊन झाला. सकाळी अक्षराला भरपेट घालायचा नाद तिनं दोन दिवसांत सोडला. झोप येते म्हणते तर थोडं थोडं द्यायचं. उठल्याबरोबर दूध-केळ, जाताना दही-धपाटं, डब्यात उसळ-भाकरी, मधल्या सुट्टीला मूठभर भिजवलेले हरभरे, रात्री गरम वरण-भात, वर तूप. स्वतःच्या ताटात तेच, फक्त तुपाचा चमचा अक्षरा येऊन वरच्या वर काढून घ्यायची. शेंगदाणे-गुळाचा डबा चाकूरलाच राहिला होता. पहिले काही दिवस अव्वाची चिडचिड इतकी वाढली की भाजीवाली तिला बघून आधीच भाव कमी सांगायला लागली. भाजी खाली, दूध खाली, महादेव तर पार चौकापल्याड. उतरायचं, चढायचं. हळूहळू वळणांवरच्या चौकशा कमी झाल्या.

एका सकाळी अक्षरा केस विंचरताना म्हणाली, "अव्वा, आज अंधारी आली न्हाई."

"काल?"

"काल पण न्हाई. मला आत्ता ध्यानात आलं."

अव्वा तव्यावरच्या भाकरीकडं बघत होती. ती उलटायची राहिली आणि करपली. ती करपलेली तिनं स्वतः खाल्ली, लई गोड लागली म्हणे.

पोरीला पुढं मोठ्या डॉक्टरकीला जागा मिळाली न्हाई. नांदेडला आयुर्वेदाला मिळाली. दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी जेवली आणि नांदेडला गेली. अव्वा चाकूरला परत आली, पण गादीवर सुकन्याच राहिली. अव्वा सकाळी मोंढ्यापर्यंत चालून येते आणि मग दोघींची हुज्जत चालते.

यंदाच्या पाडव्याला तागडीशेजारच्या चौकटीवर आधी प्रत्येकाची उंची कुंकवानं आखली. मग अव्वा सगळ्यांत आधी पारड्यात बसली आणि स्वतःचा आकडा स्वतःच पुकारला. "एकोणसत्तर. अजून लई उतरायचंय, गुडघे म्हणतात हळू चल." मृत्युंजय मागच्या मागं दाराकडं सरकत होता, त्याला सुकन्यानं सदऱ्याला धरून आणला.

शेवटी अक्षरा आली, सलवार-कुर्त्यात, सुट्टीला आलेली. पारड्यात बसली. भागवतनं विसाची दोन टाकली, दहाचं टाकलं, आणि ढिगापाशी जाऊन थबकला.

"अव्वा, आधी जोडी हाय का बघून घिऊ?"

अक्षरानं दोन्ही हात वर केले. "शोध की, भागवतमामा."

जोडी झेंडूखालीच होती. भागवतनं दोन्ही वजनं टाकली, वर किलोचं एक टाकलं, तरी पोरीचं पारडं किंचित खालीच राहिलं. अव्वा पुढं झाली. मागल्या पाडव्याला पदर नीट करायच्या निमित्तानं गेली होती तशी तिची बोटं पोरीच्या कमरेकडं गेली. लोखंड नव्हतं. तिथं आता माणसाची कंबर होती, ऊन ऊन.

"पंचावन्न आन् वर थोडं," अव्वानं पुकारलं. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.